उभी खेप

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एक ऑइलचं दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या आधी त्या दुकानदारानं ट्रकवाल्यांचा मेळावा भरवला आणि त्यात माझा सत्कार केला. निमित्त काय, तर माझ्या सहाचाकी ट्रकचं इंजिन एकदा बांधल्यावर अठरा वर्षांत पुन्हा उघडावं लागलेलं नाही. शाल, श्रीफळ आणि ऑइलची एक बादली दिली. सूत्रसंचालक पोरगं कुठूनसं भाड्यानं आणलं होतं. त्यानं मला माइक देऊन विचारलं, "काका, या इंजिनाच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?"

मी फारसा बोलणारा माणूस नाही. घरातसुद्धा माझी चार वाक्यं दिवसाला पुरतात. पण माइक हातात आला आणि बोलून गेलो. म्हटलं, ऑइल वेळेवर बदला, नुसतं वरून ओतत बसू नका, आणि गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन चालू असेल तर ती चाललेली धरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या कवठेमहांकाळच्या एका मालकानं तर वहीत लिहून घेतलं.

त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. ज्या माणसाचं होतं तो आटपाडीच्या पलीकडं आपल्या वाडीवर, आपला कान गेला असं समजून अठरा वर्षं बसून होता. त्याचा कान गेलेला नव्हता. हे फक्त मला माहीत होतं.

ते कसं झालं ते आता सांगतो. उशिरा सांगतोय, हे मला कळतं.

आमचं गाव आष्ट्याजवळ. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी शेती सांभाळून एक ट्रक घेतला होता. हंगामात कारखान्याला ऊस, हंगाम संपला की सांगलीची हळद पुण्याला, येताना खत नाहीतर सिमेंट. त्या ट्रकवर पहिल्या दिवसापासून एकच ड्रायव्हर. दुष्काळी भागातला, बापजाद्यांपासून मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. आईला तो अक्का म्हणायचा, म्हणून आम्हा मुलांचा तो मामा.

मामांच्या ताब्यात आली तेव्हा गाडी नवी होती. मी कॉलेज संपवून घरी बसलो तोवर तिच्या डॅशबोर्डवरचा एकही काटा हलत नव्हता. किलोमीटरच्या मीटरची केबल तुटलेली. ऑइलचा दाब दाखवणारा काटा एका जागी मान टाकून बसलेला. आबा म्हणायचे दुरुस्त करून घे, मामा म्हणायचे, "कशाला? मी हाय की." आणि ते खरंच होतं. गाडी चालवताना त्यांचं डोकं थोडं डावीकडं कललेलं असे, इंजिनाकडं. मी बडबडायला लागलो की हातानं गप्प करायचे. मग म्हणायचे, "दोन नंबरचं बेरिंग जरा कुरकुरतंय," आणि आठवड्यानं मिस्त्री तेच सांगायचा. कारखान्याच्या तळावर बाकीचे ड्रायव्हर आपली गाडी घेऊन त्यांच्याकडं यायचे. "मामा, जरा ऐका की." मामा बीडी विझवून उठायचे, दोन मिनिटं ऐकायचे आणि निकाल द्यायचे. या कानाचा त्यांना अभिमान होता. दुसरा कसला त्यांना अभिमान असल्याचं मी बघितलं नाही.

ऑइलच्या बाबतीत मात्र ते देवापेक्षा कडक. तळावर बहुतेकांची रीत अशी की दांडी काढून बघायची, पातळी कमी दिसली की वरून लिटर-दोन लिटर ओतायचं आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला गाडीची पूजा करायच्या आधी, सगळं बदलायचं. मामांना हे आवडायचं नाही. ते म्हणायचे, "आंगूळ न करता अंगावर नवा सदरा घालत्यात येडी."

मीटर बंद, म्हणून त्यांचा हिशेब खेपांचा. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर ते खडूनं रेघ मारायचे. एक खेप, एक रेघ. शंभर रेघा भरल्या की गाडी चढावर लावायची, इंजिन कोमट असताना खालच्या चेंबरचा नट खोलायचा, जळकं ऑइल डब्यात उतरवायचं, फिल्टर बदलायचा, नवं ऑइल घालायचं. मग ओल्या फडक्यानं दार पुसायचं. दार स्वच्छ म्हणजे ऑइल नवं. दुसरी कुठली नोंद नव्हती आणि लागतही नव्हती, कारण त्या दाराला हात लावणारे आम्ही दोघंच.

यात एक भानगड होती. हंगामात कारखान्याच्या तळावर गाड्यांची रांग लागते. कधी सहा तास, कारखाना बिघडला तर दीड दिवस. आमच्या गाडीचा सेल्फ धड उचलत नसे. भरलेली गाडी ढकलून चालू करायला पंधरा माणसं लागतात, म्हणून रांगेत इंजिन बंदच करायचं नाही, असा प्रघात पडला होता. दर दहा मिनिटांनी गाडी एक लांबी पुढं घ्यायची आणि इंजिन आपलं घुर्रर्र चालू. अशा मोठ्या मुक्कामाला मामा दारावर आणखी एक रेघ मारायचे, इतरांपेक्षा थोडी आखूड. तिला ते उभी खेप म्हणायचे.

मी तेव्हा बी.कॉम. झालेला, मला ते हास्यास्पद वाटायचं. गाडी जागची हलली नाही तर खेप कशी झाली, असा माझा मुद्दा. एकदा रांगेत असताना मी तो नेटानं मांडला. मामा म्हणाले, "सकाळधरनं उभा हाईस न्हवं हितं?"

"व्हय."

"पाय दुखत्यात?"

"दुखत्यात की."

"चाललास किती?"

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. मीही हसलो, पण पटलं नव्हतं.

त्या वर्षी पौषात मामांच्या गावची जत्रा होती. हंगाम जोरात असल्यानं एरवी ते जायचे नाहीत. पण त्या खेपेला त्यांच्या घराचा मान होता, जावं लागणार होतं. आठ दिवस गाडी माझ्याकडं. जाताना त्यांनी दार दाखवलं. ब्याऐंशी रेघा झाल्या होत्या. म्हणाले, "मी यायच्या आदी शंभर भरतील. भरल्या की बदल. ऑइलचा डबा आनून ठेवलाय गोठ्यात. आनि उबी खेप धर, शाना असशील तर."

मी शहाणा नव्हतो. त्याच आठवड्यात कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारा पट्टा, दोनदा बंद पडली आणि गाड्या तळावर अडकून पडल्या. एका वेळी मी जवळजवळ दीड दिवस इंजिन चालू ठेवून रांगेत होतो. त्याची रेघ मारली नाही. तरीही मामा यायच्या आदल्या दिवशी सकाळी दारावर शंभर रेघा भरल्याच, कारण ऊस जवळच्याच मळ्यातला होता आणि एका दिवसात दोन-तीन खेपा होत होत्या.

त्या दिवशी आम्हाला फलटणला जायचं होतं. मला मुलगी बघायला.

घरी सगळी घाई. आबा पांढरी टोपी घालून अकरापासून ओट्यावर. मी गोठ्यापाशी गाडी लावून उभा. ऑइल बदलायचं म्हणजे दोन तास, हात कोपरापर्यंत काळे, आणि ते काळेपण राखेनं घासलं तरी नखांतून जात नाही. मी नखांकडं बघितलं. मग डबा फोडून त्यातलं दोन-तीन लिटर वरून ओतलं, दांडी बघितली, पातळी बरोबर आली. म्हटलं, आल्यावर बदलू. उरलेलं ऑइल गोठ्याच्या माळ्यावर भुश्याच्या पोत्यांमागं सरकवलं. आणि फडकं ओलं करून दार पुसून टाकलं.

ऑइल न बदलणं हा आळस होता. दार पुसणं हा आळस नव्हता. ती गोष्ट मी जाणून केली. मामा आले तर विचारतील, दारावर शंभर रेघा बघून बोलतील, एवढ्यासाठी केली.

फलटणची मुलगी मला पसंत पडली. तिलाही मी पसंत पडलो, याचं तिला अजून आश्चर्य वाटतं असं ती म्हणते. पोहे देताना तिनं माझे हात बघितले आणि नंतर आपल्या आईला म्हणाली की ट्रकवाल्याची नखं इतकी स्वच्छ कशी. हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हा ती हसत होती आणि मी तोंड फिरवून पाणी प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मामा आले. जत्रेचा भंडारा माझ्या कपाळाला लावला, दार उघडलं, स्वच्छ पत्रा बघून मान हलवली. मग सवयीनं दांडी काढली, ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला आणि थांबले.

"ऑइल बदललं न्हवं?"

"व्हय."

"लय लवकर काळं झालं."

आणि मी म्हणालो, "तुमचीच उबी खेप झाली की मामा. दीड दिवस रांगंत हुतो."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, पोराला पटलं एकदाचं. माझ्या पाठीत एक थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. मामा दारावर पुन्हा एकपासून रेघा मारू लागले.

त्यानंतर तीन महिने होते माझ्याकडं. रोज दार दिसायचं. वीस रेघा झाल्या, म्हटलं पन्नासला काहीतरी निमित्त काढून बदलायला लावू. पन्नास झाल्या तेव्हा लग्नाची बोलणी चालली होती. हंगाम संपला. चैत्रात मामा आणि मी हळद घेऊन पुण्याला गेलो आणि खताची पोती भरून परत निघालो. खंबाटकीचा घाट चढताना, भर दुपारी, अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं. आवाज असा काही झालाच नाही. एक धक्का बसला आणि गाडी थांबली. मी उडी मारून चाकांमागं दगड लावले. मामा स्टीअरिंग धरून तसेच बसून होते. मी हाक मारली तर म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हाई रं काय."

वाईहून मिस्त्री आणला. त्यानं चेंबर खोललं तेव्हा आत ऑइल नव्हतं, काकवीच्या कढईच्या तळाला राहतो तसला काळा चिकट गाळ होता. ऑइल वर ओढणारी जाळी त्यानं बुजली होती. क्रँकची बेरिंगं वितळून चिकटली होती. मिस्त्री म्हणाला, किती दिवस बदललं नव्हतं? मामा म्हणाले, साठ खेपा. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि पुन्हा चेंबरकडं वळला. साठ खेपांत असला गाळ होत नाही, हे त्याला कळत होतं. मामांनाही कळायला हवं होतं. पण त्यांच्या मनाला तेव्हा आपल्या कानाचंच लागलं होतं.

गाडी वाईच्या गॅरेजात ओढून नेली आणि आबा दुसऱ्या दिवशी एस.टी.नं तिथं आले. आबा वाईट माणूस नव्हेत, पण बोलायला लागले की तोलून बोलत नाहीत. गॅरेजात पाचसहा लोकांसमोर ते मामांना म्हणाले, "काटा चालत न्हाई तर मी हाय म्हणत हुतास न्हवं? कान कुटं गेलतं तुजं?"

मामा खाली बघून म्हणाले, "गेलं आसतील मालक."

त्यांनी आबांना मालक म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी तिथंच होतो, पान्यांची पिशवी हातात घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. लग्न पंधरा दिवसांवर होतं, सोयऱ्यांपर्यंत गोष्ट जाईल, आबा चारचौघांत काय बोलतील, असं सगळं मनात येऊन गेलं, पण खरं सांगायचं तर यातलं काहीच कारण नव्हतं. माझं तोंड उघडलं नाही, एवढंच.

इंजिन बांधून झालं. मामांनी गाडी सांगलीपर्यंत आणली, मग घरापर्यंत, आणि किल्ली आईच्या हातात दिली. आई रडली. आबांनीही आपल्या परीनं समजावलं, झालं गेलं सोड म्हणाले. मामा म्हणाले की चढ होता म्हणून वाचलो, उतार असता तर माणसं मेली असती. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्यानं गाडी चालवू नये. माझ्या लग्नाला आले. मांडवात मागच्या रांगेत बसले, अक्षता टाकल्या, आम्ही दोघं पाया पडलो तर माझ्या बायकोला म्हणाले, "ह्याला उबी खेप कळाया लागलीया. सुखी ऱ्हाशील." तिला काही कळलं नाही. मग ते आपल्या वाडीवर गेले आणि परत कधी स्टीअरिंगला हात लावला नाही.

गाडी माझ्याकडं आली. मी उभी खेप धरू लागलो. आखूड रेघसुद्धा चुकवली नाही. लोकांना वाटतं मी शिस्तीचा माणूस आहे. शिस्त वगैरे नाही. त्या दारासमोर उभं राहिलं की मला दुसरं काही करताच येत नव्हतं. इंजिन चांगलं चाललं. संसारही चांगला चालला, हेही सांगितलं पाहिजे. दोन मुली झाल्या, शिकताहेत. बायकोनं घराला लावलेलं वळण बघून आबांसारखा माणूस मऊ झाला. सकाळी साडेपाचला गोठ्यापाशी इंजिन गरम करत चहा पिणं हे मला जगातलं मोठं सुख वाटतं, आणि ते मला रोज मिळालं. या सगळ्याच्या तळाशी ती एक गोष्ट होती. रोज टोचायची असं नाही. पण वर्षात चारदा ऑइल बदलायचो तेव्हा प्रत्येक वेळी.

सत्काराहून घरी आलो त्या दिवशी बायकोनं विचारलं, काय बोललात मेळाव्यात? मी सांगितलं. मग बाकीचंही सांगून टाकलं. दारापर्यंत आलो तेव्हा ती भाकरी थापायची थांबली.

"म्हणजे मला बघायला यायचं होतं म्हणून?"

"हो."

"नखं काळी झाली असती म्हणून?"

"हो."

ती पुन्हा भाकरी थापू लागली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मी काळ्या नखांनाही हो म्हटलं असतं. जा आणि सांगून या."

आबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, अंगणात खुर्चीवर बसून असतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मी त्याला मानसांत बोललो." मग म्हणाले, "गुडगं धड आसतं तर आलो आसतो तुज्यासंगं."

डाळिंबाचा माल भरायला त्या भागात जायचंच होतं. एक दिवस आधी निघालो. मामांच्या वाडीपर्यंत आता डांबरी झाली आहे. गाडी थेट अंगणापर्यंत गेली. मेंढरं थोडी, मागच्या बाजूला डाळिंबाची दोन-तीनशे झाडं, ठिबकच्या नळ्या नीट गुंडाळून ठेवलेल्या. मामा लिंबाखाली बाजेवर बसले होते. पंचाहत्तरीचे झाले असतील, काटक. मामींनी पाणी दिलं, चहा टाकला. आई कशी आहे, पोरी काय शिकतात, पाऊस कसा झाला, हे सगळं झालं. माझी गाडी बघून मामा म्हणाले, "हीच का रं ती? आजून?" मी म्हटलं, हीच.

मग मी म्हणालो, "मामा, ते ऑइल मी बदललंच न्हवतं."

"कुटलं?"

"घाटात इंजिन जाम झालं त्याच्या आदीचं. तुमी जत्रंला गेलता तवाचं. वरनं दोन-तीन लिटर वतलं आनि दार पुसून टाकलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नजर खाली नेऊन काहीतरी मोजलं, बोटांच्या पेरांवर. साठ आणि शंभर आणि रांगेतला तो दीड दिवस. मग उठले आणि मेंढरांच्या वाड्याकडं चालते झाले. मामी चहाची कपबशी घेऊन बाहेर आल्या, नवरा चाललेला बघून मला विचारलं की काय सांगितलंस त्यांना. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्याच अंगणात दुसऱ्यांदा सांगणं सोपं नव्हतं. मामी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आटरा वरीस मी त्येस्नी भैरं भैरं म्हनून हिनवती रं."

मामा परत आले ते बऱ्याच वेळानं. बाजेवर न बसता माझ्यासमोर उभे राहिले.

"दांडी काडून मी इचारलं तवा तू काय म्हनलास?"

त्यांना आठवत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"उबी खेप झाली म्हनलो."

"ऑइल बदललं न्हाईस ते सोड," मामा म्हणाले. "मानूस कट्टाळा करतोय. पर माजीच खेप माज्या डोळ्यांत धूळ टाकाया वापरलीस. मी जत्रंत सांगून आलोतो, पोरगं शिकलं म्हनून. आल्यावर खरंच वाटलं मला."

मी मान हलवली. माफ करा म्हणायचं ठरवून आलो होतो. ते शब्द एवढ्याएवढ्याशा चुकांसाठी असतात असं वाटलं. तरी म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"आबाला सांगितलंस?"

"व्हय. गुडगं धड आसतं तर आलं आसतं म्हनालं."

मामा यावर नाकातून हसले. "त्येला काय हुतंय. फोन लाव म्हनावं." मग बाजेवर बसले, मामींच्या हातातला गार झालेला चहा घेतला. निम्मा संपवून, माझ्याकडं न बघता, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजे कान शाबूत हुता."

"व्हता मामा. जाळी बुजली, ऑइल वर चडलंच न्हाई. गाळ हळूहळू साचला. मिस्त्रीला बी आवाज आला नसता."

"मी हितं आल्यावर रोज बगायचो. कोकरू वरडलं आनि मला उशिरा कळालं की म्हनायचो, हां, गेलाच हाय. येकदा शेळीचं पिल्लू हिरीत पडलं, कुनालाच ऐकू गेलं न्हाई, पर मी माज्यावर घेतलं." कप खाली ठेवला. "पाच-सात वरीस आजून चालवली आसती मी गाडी. आवडायचं मला."

लिंबाखाली सावली चांगली होती. मामींनी वाड्याच्या दाराकडं जाऊन एक मेंढरू आत लोटलं. मामांनी कप पायानं बाजेखाली सरकवला. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि उठले.

"चालू कर बगू."

मी गाडी चालू केली. मामा बॉनेटपाशी उभे राहिले, डोकं डावीकडं कलवून, अगदी तसंच. डोळे मिटलेले. मामी पदराला हात पुसत मागं येऊन उभ्या. मिनिटभर ऐकून मामा म्हणाले, "झ्याक. कुटं सुईचा बी आवाज न्हाई."

चार दिवसांपासून इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचा टॅपेट वाजत होता. मला केबिनमध्ये बसून स्पष्ट ऐकू येत होता, टिकटिक, टिकटिक. परत गेल्यावर सैल झालेला टॅपेट नीट करून घ्यायचा होता. त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी मान हलवून इंजिन बंद करू शकलो असतो. त्यात कुणाचं काय गेलं असतं?

मी खाली उतरलो. "मामा, टॅपेट वाजतोय. चार दिवस झालं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग पुढं झाले, टॅपेटच्या झाकणावर तळहात ठेवला आणि तसाच दाबून धरला. बोटं जरा सरकवली. पुन्हा धरली.

"व्हय गड्या," म्हणाले. "हाताला लागतंय. कानाला न्हाई."

मामी मागून म्हणाल्या, "आता गेलाय कान. आता गेलाय त्ये खरंच हाय, मी काय उगच म्हनत न्हवती."

"आता गेला आसंल," मामा म्हणाले. "तवा हुता." आणि हसले, पोटातून, दात पडलेल्या तोंडानं. मला त्यांचं ते हसू तळावरचं आठवलं. मीही हसलो आणि मग मला डोळे पुसावे लागले. त्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"बंद कर. गार हुंदे इंजिन. पाना हाय का गाडीत?"

इंजिन गार होईपर्यंत मामींनी जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मिरचीचा ठेचा. जेवताना मामांनी मला फोन लावायला लावला आणि आबांशी बोलले. दोघंही मोठमोठ्यानं बोलत होते. दोघांनाही नीट ऐकू येत नव्हतं. मामा म्हणत होते, "व्हय, सांगितलं त्येनं... न्हाई, न्हाई, तुमी काय येताय आता... बरं हाय माजं."

मग आम्ही बॉनेट उघडलं, झाकण काढलं. मामांनी बाही वर सारली. त्यांचा हात पूर्वीसारखाच स्थिर होता, पान्याची पकड तीच. एकेक टॅपेट ते बोटानं हलवून बघायचे, नट जरासा आवळायचे, मग मला खूण करायचे. मी गाडी चालू करून ऐकायचो आणि सांगायचो, आजून, आजून वाजतोय, मामा. ते इंजिन बंद करायला सांगायचे आणि पुन्हा पाना लावायचे.